नववीचा इतिहास, बहात्तरचा दुष्काळ आणि गुणांचा प्रश्न : नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक शहरातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेतील नववीच्या एका तुकडीचे आहे. शाळा, शिक्षिका आणि मुले यांची नावे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत आणि हे टिपण संबंधित शिक्षिका व मुख्याध्यापिका यांच्या संमतीने तयार केलेले आहे. तुकडीत साठच्या आसपास मुले होती. बरेचसे पालक सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारे होते. काही पंचवटीतील बाजार समितीत हमाली किंवा किरकोळ भाजीविक्री करत, काही गिरणारे परिसरातील शेतकरी व शेतमजूर होते आणि थोडे नोकरदार. अनेक घरांत मुलाच्या शाळेचे दप्तर उघडून पाहणारे कोणी नव्हते, तर काही घरांत एकेका गुणाचा हिशेब ठेवला जाई.

राज्य मंडळाच्या योजनेत नववीला इतिहास व राज्यशास्त्राची 40 गुणांची लेखी परीक्षा आणि 10 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापनाच्या चौकटीत वाढलेल्या या मुलांना येथे पहिल्यांदा असे जाणवले की, आपण अनुत्तीर्णही होऊ शकतो. त्याच वर्षी विषयाचे स्वरूपही बदलते. पाठ्यपुस्तकाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ हा आहे. लिखित, भौतिक, मौखिक आणि दृक्‌-श्राव्य साधनांची त्यात ओळख होते आणि पुढचे पाठ 1960 नंतरच्या भारताचे, म्हणजे मुलांच्या आजी-आजोबांनी प्रत्यक्ष जगलेल्या काळाचे आहेत. हे पुस्तक नीट शिकवायचे तर मुलांनी कोणाला तरी काही विचारले पाहिजे, असे शिक्षिकेचे मत होते आणि ते रास्त होते.

जूनमध्ये त्यांनी ‘इतिहासाच्या तासाला तुमच्याकडून अपेक्षा’ असा एक छापील कागद प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून घेतला होता. वही पूर्ण असावी, गृहपाठ ठरलेल्या दिवशी द्यावा, उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावीत, माहिती कुठून घेतली ते नमूद करावे, वर्गात चर्चेत भाग घ्यावा, उशीर झाल्यास निम्मे गुण मिळतील आणि नक्कल आढळल्यास शून्य, असा त्याचा मजकूर होता. खाली विद्यार्थ्याची आणि पालकाची सही होती. अनेक शाळांत अशा अपेक्षा कुठे लिहिलेल्याच नसतात आणि मुलांना त्या ओरडा खाल्ल्यावर कळतात. त्या मानाने हा कागद प्रामाणिक होता. मात्र त्यातील माहितीच्या उगमाचे कलम सोडले, तर बाकी सगळा कागद विज्ञानाच्या किंवा हिंदीच्या वहीवरही तसाच्या तसा चिकटवता आला असता.

ऑगस्टमध्ये प्रकल्पाचा विषय दिला गेला : घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून 1972 च्या दुष्काळाविषयी माहिती मिळवा आणि स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहा. विषयाची निवड विचारपूर्वक केलेली होती. जिल्ह्याचा इगतपुरी-त्र्यंबकचा पश्चिम पट्टा भरपूर पावसाचा, तर सिन्नर, येवला, नांदगावकडचा पूर्व भाग अवर्षणप्रवण. त्यामुळे एकाच वर्गातील मुलांच्या घरी एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या आठवणी सापडतील, असा शिक्षिकेचा अंदाज होता. दुष्काळी कामे, सुकडी (तेव्हा वाटला जाणारा कोरडा पौष्टिक आहार), मिलो (तेव्हा मिळणारी लाल ज्वारी) आणि पुढे 1977 च्या कायद्याने पक्की झालेली रोजगार हमी योजना, हे सारे घरातल्या माणसाच्या तोंडून कळावे, अशी त्यामागची इच्छा होती.

अडचण

प्रथम सत्र परीक्षेच्या आधी वह्या जमा झाल्या आणि तपासायला घेतल्यावर शिक्षिकेच्या लक्षात आले की, तिसरा हिस्सा वह्यांत तेच तीन परिच्छेद, त्याच क्रमाने आहेत. मजकूर महाराष्ट्रभराच्या दुष्काळाचा, मुख्यतः मराठवाड्याचा होता. नाशिकचा त्यात उल्लेखच नव्हता आणि कोणत्याही आजीचा किंवा आजोबांचाही नव्हता. तो मजकूर मोबाईलवरून उतरवलेला होता. दोन वह्यांत तर परिच्छेदाच्या शेवटी ‘अधिक वाचा’ हे शब्दही लिहिलेले होते.

हे दोन शब्द या प्रकरणात मला सर्वांत बोलके वाटतात. ते निळ्या शाईत, शिरोरेषा नीट ओढून, बाकीच्या मजकुराइतक्याच निगुतीने लिहिलेले होते आणि वर लाल शाईने शीर्षक व दुहेरी समास आखलेला होता. ज्या मुलाने ते लिहिले त्याने आळस केलेला नव्हता. फळ्यावरचे जसेच्या तसे, सुवाच्य अक्षरात उतरवले की शाबासकी मिळते, हे त्याने पहिलीपासून पाहिले होते. त्या शिकवणुकीप्रमाणे त्याने दोन पाने मन लावून भरली होती. ‘स्वतःच्या शब्दांत’ या सूचनेचा अर्थ त्याने ‘स्वतःच्या हाताने’ असा घेतला असावा आणि तसा घेतल्याबद्दल त्याला फारसा दोष देता येत नाही, कारण या दोहोंतला फरक त्याला कोणी करून दाखवलेला नव्हता.

दुसरीकडे एक मुलगा होता. त्याला येथे ‘क’ म्हणू. त्याचे वडील गिरणारे परिसरात टोमॅटो तोडणीला आणि जाळ्या भरायला जात आणि ऑगस्टपासून हंगाम सुरू झाला की क सुद्धा सकाळी शाळेच्या आधी व सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाई. त्याची वही मुदतीनंतर आठवड्याने आली. दोन पानांऐवजी पाऊण पान, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर. पण त्यात असे लिहिलेले होते : ‘आजोबा सिन्नर तालुक्यात होते. ते पाझर तलावाच्या कामावर जात होते. मुकादम हजेरी मांडायचा. आठ दिवसांनी पगार मिळायचा. आजोबा म्हणतात तलाव बहात्तरला बांधला पण तलावावरच्या दगडावर वेगळं साल आहे असं काका म्हणतात.’ शिक्षिकेने विचारल्यावर तो म्हणाला, “बाई, आजोबा जेवढं बोलले तेवढंच लिहिलं.”

कागदावरच्या नियमांप्रमाणे क ला उशिराबद्दल निम्मे गुण मिळायला हवे होते. पाने कमी, शुद्धलेखन सदोष, म्हणजे त्यातूनही कपात. त्या उलट ज्यांची नक्कल इतरांशी जुळली नसती, म्हणजे ज्यांनी वेगळ्या ठिकाणाहून उतरवले असते, त्यांना वेळेवर दिलेल्या नेटक्या वहीबद्दल आठ-नऊ गुण मिळून गेले असते. संपूर्ण तुकडीत दोन साक्षींमधील विसंगती ज्या एकाच मुलाने टिपली होती, तो गुणपत्रकात तळाशी जाणार होता. नियम मोडल्यामुळे नव्हे, तर नियम काटेकोरपणे पाळल्यामुळे हे घडणार होते.

त्यातच शिक्षिकेने नक्कल असलेल्या वह्यांवर पेन्सिलीने शून्य मांडले होते, ते मुलांना दिसले आणि घरी पोहोचले. तुकडीत नेहमी पहिल्या पाचांत असणाऱ्या एका मुलीचे, ‘म’ चे, वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. “मॅडम, माझ्या मुलीनं रात्री अकरापर्यंत बसून लिहिलंय. तुम्ही मोबाईल पाहू नका असं कुठं म्हटलं होतं?” हा त्यांचा प्रश्न होता. अपेक्षांच्या कागदावर त्यांची सही होती, पण मोबाईल पाहू नये असे त्या कागदावर खरोखरच कुठेही लिहिलेले नव्हते.

समोर आलेले पर्याय

मुख्याध्यापिका, शिक्षिका आणि शाळेतील दुसरे सामाजिक शास्त्रांचे शिक्षक यांच्यात यावर दोन बैठका झाल्या. पहिला पर्याय होता नियम लागू करण्याचा. नियम आधी सांगितलेला होता, त्यावर सह्या होत्या आणि तो आता लावला नाही, तर ज्यांनी प्रामाणिकपणे काम केले त्यांच्यावर अन्याय होईल, असे दुसऱ्या शिक्षकांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य होते. पण वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याला एकाच वेळी शून्य द्यावे लागते, तेव्हा शिकवण्यात काही राहून गेले आहे का, हे आधी तपासावे लागते.

दुसरा पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही, तरी बैठकीत तो सर्वांच्या मनात होता : सर्वांना सात-आठच्या आसपास गुण देऊन विषय मिटवायचा. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अनेक ठिकाणी असेच दिले जातात. पालक समाधानी राहतात, निकालपत्रक वेळेत भरले जाते आणि मुलांना प्रकल्प म्हणजे काय हे दहावी संपेपर्यंत कळत नाही. मुख्याध्यापिकांनी हा पर्याय नाकारला, आणि वरिष्ठ पातळीवरून निकालपत्रकाची तारीख जवळ आलेली असताना नाकारला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तिसरा पर्याय प्रकल्प रद्द करून त्याऐवजी वर्गात बहुपर्यायी चाचणी घेण्याचा होता. ती नियमात बसली असती आणि वादही उरला नसता. पण ‘इतिहासाची साधने’ शिकवून झाल्यावर साधनाशी मुलांचा संबंध तेथेच संपला असता. चौथा पर्याय वह्या गुण न देता परत करण्याचा, अपेक्षा काय आहे हे नमुन्यासह शिकवण्याचा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर काम पुन्हा घेण्याचा होता. यात वेळ जाणार होता आणि अभ्यासक्रम मागे पडणार होता. शिवाय पहिल्या सत्रातच नीट काम केलेल्या मुलांना पुन्हा तेच करायला लावणे योग्य नव्हते. म्हणून त्यांना मूळ काम कायम ठेवण्याची किंवा वाढवण्याची मुभा द्यावी, असे ठरले. पहिल्या सत्राच्या नोंदीसाठी तात्पुरती एक छोटी चाचणी घ्यायची आणि प्रकल्पाचे गुण दुसऱ्या सत्रात धरायचे, अशा तोडग्यासह चौथा पर्याय स्वीकारला गेला.

काय केले : वर्गात

पहिले काम अपेक्षा दाखवण्याचे होते. शिक्षिकेने फळ्यावर तीन उतारे लिहिले. एक मोबाईलवरून उतरवलेल्या मजकुराच्या धर्तीवर त्यांनी स्वतः रचला होता, म्हणजे कोणाचीही वही वर्गासमोर उघडी पडणार नव्हती. दुसरा पाठ्यपुस्तकाच्या शैलीत होता. तिसरा क चा होता, त्याला आधी विचारून आणि नाव न सांगता, शुद्धलेखन सुधारून घेतलेला. मग प्रत्येक वाक्याला तीनच प्रश्न लावायचे : हे कोण सांगत आहे? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? त्याचे म्हणणे दुसऱ्या कशाशी पडताळून पाहता येईल? पहिल्या उताऱ्यात एकाही वाक्याला ‘कोण’ चे उत्तर मिळेना. क च्या उताऱ्यात जवळजवळ प्रत्येक वाक्याला मिळाले आणि शेवटच्या वाक्याशी वर्ग थांबला. आजोबा खरे की दगड? एक मुलगी म्हणाली, दगडावर काम पूर्ण झाल्याचे साल असेल आणि आजोबांना काम सुरू झाल्याचे आठवत असेल. दुसरा म्हणाला, आजोबा इतर कामांवरही गेले असतील, त्यांच्या आठवणीत दोन तलाव एक झाले असतील. उत्तर सापडले नाही आणि ते सापडावे असा आग्रहही शिक्षिकेने धरला नाही. मात्र इतिहासाच्या तासाला काय करायचे असते, हे त्या तासिकेत मुलांनी करून पाहिले.

काय केले : पांडवलेणी

त्यानंतर शिक्षिकेने तुकडीला पांडवलेण्यांवर नेले. शहरातील मुलांनी ही लेणी सहलीत पाहिलेली असतात, पण बहुतेकांना पायऱ्या, मूर्ती आणि वरून दिसणारा महामार्ग एवढेच आठवते. या वेळी 24 लेण्यांपैकी फक्त दोन पाहायची असे ठरले होते : क्रमांक 3 आणि क्रमांक 10.

क्रमांक 3 मध्ये सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या 19 व्या वर्षी, म्हणजे मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी हयात नसताना, तिने तो कोरवून घेतला. त्यात मुलाची स्तुती आहे : त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचा (पश्चिम भारतातील एका क्षत्रप राजघराण्याचा) वंश निःशेष केला, त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. एका मुलाने विचारले, घोडे खरंच तिन्ही समुद्रांवर गेले होते का आणि खारे पाणी प्यायले कसे? मुले हसली, पण शिक्षिकेने हाच प्रश्न धरला. सांगणारी कोण? आई. कोणाविषयी? मुलाविषयी. कधी? तो गेल्यानंतर. मग यातले काय जसेच्या तसे घ्यायचे, काय गौरव म्हणून वाचायचे?

तेथून क्रमांक 10 कडे जायला काही पावले पुरतात. तेथे नहपान या क्षहरात क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने दान दिलेल्या तीन लाख गाईंचा आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, व्याजाने ठेवलेल्या रकमांचा त्यांत उल्लेख आहे. दोन हजार कार्षापणांवर (तेव्हाच्या नाण्यांवर) दरमहा शेकडा एक आणि एक हजारांवर शेकडा पाऊण, असे व्याजाचे दरही कोरलेले आहेत. ज्या घराण्याचा वंश संपवल्याचे क्रमांक 3 मध्ये अभिमानाने सांगितले आहे, त्याच घराण्याचा जावई त्याच डोंगरावर स्वतःच्या दानधर्माचा हिशेब लिहून गेलेला आहे. दोन्ही बाजूंची साक्ष एका डोंगरावर, चालत जाता येईल इतक्या अंतरावर मिळण्याची सोय किती शाळांना आहे? नाशिकच्या इतिहास शिक्षकांनी तिचा पुरेसा उपयोग केलेला नाही, असे मला मनापासून वाटते.

तिसरी साक्ष शिक्षिकेने तेथेच बसून सांगितली. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. आईने मुलाविषयी सांगितलेली विजयाची गोष्ट येथे निदान एका मुद्द्यापुरती, शत्रूच्याच नाण्यांवरून पडताळता येते. वंश निःशेष झाला का, हे नाणी सांगत नाहीत. पण एकाची सत्ता जाऊन दुसऱ्याची आली, हे ती सांगतात. मुलांनी वहीत तक्ता केला : सांगणारा, सांगण्याचा हेतू, पडताळणीचा दुसरा पुरावा, आणि तरीही न कळलेले. ‘तरीही न कळलेले’ हा रकाना शिक्षिकेच्या आराखड्यात नव्हता. तो तेथे, एका मुलीच्या सूचनेवरून वाढवला गेला आणि पुढे प्रकल्पातही कायम राहिला.

काय केले : नियमांचे आणि घरांचे प्रश्न

अपेक्षांचा कागद नव्याने लिहिला गेला, या वेळी मुलांशी बोलून. मोबाईलवर वाचायला हरकत नाही, पण वाचलेले कोणाचे आहे ते लिहायचे आणि घरच्या माणसाच्या सांगण्याशी ते ताडून पाहायचे, असे स्पष्ट केले. ज्यांच्याशी बोलले त्यांचे तेव्हाचे वय, गाव आणि काम लिहिणे आवश्यक धरले. पानांची अट काढली. दहापैकी शुद्धलेखनाला एकच गुण ठेवला. उशिराच्या नियमात बदल झाला : हंगाम, आजारपण किंवा घरचे काम यांमुळे वेळ लागणार असेल, तर तसे मुदतीच्या आधी सांगायचे. हा बदल क साठी केलेला नव्हता, तरी त्याच्या प्रकरणामुळेच तो सुचला आणि सांगायला आलेली मुले शिक्षिकेच्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली.

दोन गोष्टी कोणीही आधी गृहीत धरल्या नव्हत्या. अंबडच्या कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली काही कुटुंबे होती. त्यांच्या घरी नाशिकच्या बहात्तरचे कोणाला काही ठाऊक असणार नव्हते. सुरुवातीला ही मुले नुसती गप्प राहिली होती आणि नक्कल करणाऱ्यांत त्यांचे प्रमाण लक्षणीय होते. त्यांना ‘आमचे कुटुंब नाशिकला कसे आले’ हा विषय देण्यात आला, जो नववीच्या उद्योगविषयक पाठाशी सहज जुळला.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक होती. एका मुलीने शिक्षिकेला गाठून सांगितले की, तिची आजी खडी फोडायला जायची, हे वर्गात वाचून दाखवू नका. दुष्काळी कामांची आठवण कोणाच्या घरी अभिमानाने सांगितली जाते, तर कोणाच्या घरी ती लपवली जाते. दुष्काळ सर्वांना सारखा लागत नाही आणि गावकुसाच्या कोणत्या बाजूला घर होते, यावर पाणी कोणाला आधी मिळाले हे ठरत असे. वार्षिक प्रदर्शनात हे प्रकल्प मांडावेत, अशी मुख्याध्यापिकांची इच्छा होती. पाहुण्यांना दाखवण्यासारखे हे काम होते, यात शंका नाही. शिक्षिकेने नकार दिला. शेवटी ज्यांनी स्वतःहून आणि घरी विचारून परवानगी दिली त्यांचेच प्रकल्प, तेही नावाशिवाय मांडले गेले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. मुलांकडून घरातली गोष्ट मागताना ती कुठपर्यंत जाणार, हे मागण्याआधी सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

जानेवारीत वह्या पुन्हा आल्या, तेव्हा प्रत्येक मुलाला टेबलाजवळ बोलावून दोन-तीन प्रश्न विचारले गेले : हे तुला कोणी सांगितले, त्यांना कसे माहीत, तुला काय पटले नाही.

निष्पत्ती

बहुतेक मुलांनी नवे काम दिले. सात-आठ वह्यांत पुन्हा उतरवलेला मजकूर होता. त्या मुलांना आता नियमाप्रमाणे शून्य मिळाले आणि त्यावर कोणी तक्रार केली नाही, कारण काय हवे होते ते त्यांनी वर्गात पाहिलेले होते.

म ने येवल्याच्या आजीशी फोनवर बोलून लिहिले. तिच्या वहीतील चार वाक्ये अशी होती : ‘आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. मिलोची भाकरी लाल व्हायची आणि कोणाला आवडायची नाही. मिलो अमेरिकेतून आली हे आजीला तेव्हा माहीत नव्हते, ते मी नंतर वाचले. आजीला तो दुष्काळ म्हणून आठवत नाही, मावशीच्या लग्नात गोड केलं नाही ते वर्ष म्हणून आठवतो.’ आजीने पाहिलेले, मुलीने वाचलेले आणि आठवणीची रीत, या तिन्ही गोष्टी तिने वेगळ्या ठेवल्या होत्या. तिला नऊ गुण मिळाले. तिच्या वडिलांचे समाधान मात्र पूर्ण झाले नाही. एवढा वेळ अभ्यासाला दिला असता तर बरे, असे ते पालक सभेत म्हणाले आणि काही पालकांनी मान डोलावली. त्यांच्या काळजीला आधार आहे. दहावीला ‘सकारण स्पष्ट करा’ आणि ‘टीपा लिहा’ या प्रश्नांची उत्तरे अनोळखी परीक्षक तपासतो आणि त्याला आजीची भाकरी नको असते, पाठ्यपुस्तकातले मुद्दे हवे असतात.

ही अडचण वार्षिक परीक्षेत दिसलीच. काही मुलांनी साध्या टिपेतही घरच्या आठवणी भरल्या आणि अपेक्षित मुद्दे सोडले. लेखी परीक्षेच्या गुणांत तुकडीची एकूण प्रगती ठळकपणे दिसली नाही. उताऱ्यावरील प्रश्नांत मात्र फरक जाणवला, असे शिक्षिकेचे निरीक्षण आहे; मुले उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उचलण्याऐवजी विचारलेल्या मुद्द्यापुरते लिहू लागली होती. क ला प्रकल्पात आठ गुण मिळाले. त्याने काकांकडून दगडाचा फोटो मागवला होता. अक्षरे झिजलेली असल्याने साल वाचता आले नाही आणि त्याने ते तसेच लिहिले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, नमुना जूनमध्ये दाखवता आला असता. तीन उताऱ्यांची तासिका पहिल्याच पाठाला, कोणतेही गुण पणाला लागण्याआधी झाली असती, तर पेन्सिलीची शून्ये मांडण्याची वेळ बहुधा आली नसती. दोन पानी प्रकल्पाआधी पाच ओळींचे छोटे काम घेणेही शक्य होते : घरातील एका वस्तूविषयी कोणाला तरी विचारून लिहा, एवढेच. साठ मुलांच्या पाच-पाच ओळी एका बैठकीत तपासून होतात आणि कोण उतरवतो, कोण विचारतो, हे तेथेच कळते.

शून्य पेन्सिलीने मांडणे टाळायला हवे होते. ज्या निर्णयाचा अजून विचार व्हायचा आहे, तो मुलाच्या वहीवर उमटता कामा नये. पालकांशी बोलणे नंतर कायम त्या शून्यापासूनच सुरू होत राहिले.

टेबलाजवळच्या तोंडी प्रश्नांविषयी माझे मत शिक्षिकेपेक्षा थोडे वेगळे आहे. त्यांना ही पद्धत उपयुक्त वाटली. पण ज्या मुली वर्गात सहसा बोलत नाहीत, त्या तेथेही गडबडल्या आणि वहीत चांगले लिहिलेले त्यांना सांगता आले नाही. जोडीने विचारले असते, म्हणजे एकीने दुसरीच्या वहीवर प्रश्न काढायचे आणि शिक्षिकेने ऐकायचे, तर वेळही वाचला असता आणि प्रश्न विचारायचा सरावही झाला असता.

परीक्षेतले लेखन आणि प्रकल्पातले लेखन यांतला फरक मुलांना स्वतंत्रपणे शिकवायला हवा होता, आणि तो दडवण्यासारखा नाही. एकाच दुष्काळावर एक टीप आणि एक मौखिक नोंद, अशी दोन्ही शेजारी-शेजारी लिहून घेतली असती, तर कोणता वाचक काय शोधतो हे मुलांना दिसले असते. यंदाच्या जूनमध्ये शिक्षिकेने नववीच्या नव्या तुकडीला नेमके हेच काम पहिल्या पंधरवड्यात दिले आहे. वहीच्या पहिल्या पानावरचा कागद आता निम्म्यावर आला असून त्याच्या खाली क चा पाऊण पानी उतारा, त्याच्या आणि त्याच्या आजोबांच्या परवानगीने, नावाशिवाय छापलेला आहे.